भिलाईच्या वस्त्यांमधील आरोग्य योजना: यश मोजायचे कसे?

पोलादनगरी म्हणून देशभर परिचित असलेल्या भिलाई शहरात आणि छत्तीसगडच्या त्या परिसरात गेल्या चार दशकांत सार्वजनिक आरोग्याचे अनेक प्रयोग झाले. खाणकामगारांनी स्वतः उभारलेले रुग्णालय, पाड्यापाड्यांवरील 'मितानिन' कार्यकर्त्या, शहरी वस्त्यांसाठीचे आरोग्य अभियान आणि डेंग्यूविरोधी मोहिमा ही त्यांतील ठळक उदाहरणे. यांपैकी अनेक उपक्रमांच्या यशाचे दावे झाले आणि त्या दाव्यांवर शंकाही घेतल्या गेल्या. मात्र एखादी आरोग्य योजना गरीब वस्तीत यशस्वी झाली, असे कोणत्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

हा प्रश्न केवळ संशोधकांपुरता मर्यादित नाही. योजनेचा निधी चालू ठेवायचा की थांबवायचा, ती अन्य राज्यांत न्यायची की नाही आणि कार्यकर्त्यांना मोबदला कशाच्या आधारे द्यायचा, हे निर्णय मूल्यमापनावर ठरतात. मूल्यमापन चुकले तर उपयुक्त योजना बंद पडू शकते आणि निरुपयोगी योजना वर्षानुवर्षे चालू राहू शकते. दोन्ही चुकांचा भार ज्यांच्यापुढे उपचारांचा दुसरा पर्याय नसतो, त्यांच्यावरच पडतो.

एक शहर, दोन चित्रे

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये करार झाला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांमध्ये विभागलेली आखीव वसाहत उभी राहिली. नागपूर आणि गोंदियाकडून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरील या शहरात विदर्भातूनही अनेक कुटुंबे रोजगारासाठी स्थायिक झाली. वसाहतीतील रहिवाशांना शाळा, पाणीपुरवठा आणि वैद्यकीय सेवा मिळाली. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे या व्यवस्थेचे प्रमुख अंग आहे.

वसाहतीबाहेरचे भिलाई मात्र निराळे आहे. लहान उद्योगांतील कामगार, कंत्राटी मजूर आणि रोजंदारीवर जगणारी कुटुंबे खुर्सीपार, छावणी अशा भागांतील दाट वस्त्यांमध्ये राहतात. वसाहतीची नागरी व्यवस्था कारखान्याच्या प्रशासनाकडे आणि उर्वरित शहराची महापालिकेकडे, अशी येथे विभागणी आहे. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक नोंदली गेली.

या दोन्ही भागांची सरासरी काढली, तर मिळणारा आकडा यांपैकी कोणत्याच भागाचे खरे चित्र दाखवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे अंदाज राज्य आणि जिल्हा पातळीपर्यंत उपलब्ध होतात. त्याखालच्या वस्तीची स्थिती त्यातून कळत नाही. या पाहणीच्या २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत आठ शहरांतील झोपडपट्ट्यांचा स्वतंत्र अभ्यास झाला होता. त्यात मुंबई आणि नागपूरचा समावेश होता, भिलाईचा नव्हता.

दुसरी अडचण छेदाची आहे. कोणताही दर काढताना अंशस्थानी घटनांची संख्या आणि छेदस्थानी लोकसंख्या असते. २०२१ ची जनगणना नियोजित वेळी होऊ शकली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवण्यात आला. त्यामुळे गेल्या दशकात वसलेल्या वस्त्यांसाठी दर काढताना अंदाजांवरच विसंबावे लागले. जन्म आणि मृत्यूची नोंद घटना जेथे घडते तेथे होते. भिलाईतील वस्तीमधील महिला दुर्गच्या रुग्णालयात प्रसूत झाली, तर जन्माची नोंद दुर्गमध्ये होते. ज्या वस्तीची नोंद कोणत्याच यादीत नाही, तेथील आजार आणि मृत्यू आकडेवारीतून गळून पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. योजनेची गरजही बहुधा तेथेच सर्वाधिक असते.

भिलाईत २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपार आणि छावणी परिसराला तिची विशेष झळ बसली आणि अनेकांचे बळी गेले. अशा साथीत रुग्णांची मोजणीदेखील सरळ नसते. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एलायझा पद्धतीच्या चाचणीने निश्चित झालेला रुग्णच अधिकृत आकडेवारीत धरला जातो. झटपट चाचणी संचाने केलेले निदान संशयित या वर्गात राहते. पुढील वर्षी रुग्णसंख्या घटली, तर ती धूरफवारणीमुळे, साठवलेल्या पाण्यातील अळ्या नष्ट केल्यामुळे, कमी पावसामुळे की बाधित लोकसंख्येत त्या प्रकारच्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्यामुळे, हे केवळ दोन वर्षांचे आकडे समोर ठेवून सांगता येत नाही.

मितानिन: घट झाली, पण श्रेय कोणाचे?

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २००२ मध्ये, राज्य शासनाने मितानिन कार्यक्रम सुरू केला. छत्तीसगडी समाजात विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रिणीला 'मितानिन' म्हणतात. सबंध गावासाठी एक कार्यकर्ती न नेमता प्रत्येक पाड्याने आपली मितानिन निवडावी, हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होते. काही वर्षांतच राज्यात सुमारे ६० हजार मितानिन काम करू लागल्या. केंद्र सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले, तेव्हा त्यातील 'आशा' कार्यकर्तीची संकल्पना आखताना छत्तीसगडचा अनुभव विचारात घेतला गेला. २०१२ च्या सुमारास राज्यातील शहरी गरीब वस्त्यांमध्येही मितानिन नेमण्यास सुरुवात झाली.

या कार्यक्रमाच्या समर्थनार्थ एक आकडा वारंवार दिला गेला. नमुना नोंदणी पद्धतीनुसार छत्तीसगडच्या ग्रामीण भागातील अर्भकमृत्यू दर २००२ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ८५ होता. तो २००५ मध्ये ६५ पर्यंत उतरला. तीन वर्षांत २० अंकांची घट ही लक्षणीय बाब होती आणि कार्यक्रमाच्या पुरस्कर्त्यांनी ती स्वाभाविकपणेच पुढे मांडली.

टीकाकारांचे आक्षेपही निराधार नव्हते. नव्या राज्यात त्याच काळात प्रशासन, रस्ते आणि आरोग्य केंद्रांमध्ये बदल होत होते. मितानिन कार्यक्रम थोड्याच काळात राज्यभर पसरल्यामुळे तुलनेसाठी कार्यक्रमाविना राहिलेला मोठा प्रदेश उरला नाही. नमुना पाहणीतील वार्षिक आकडे वरखाली होत असतात, ही मर्यादाही होती. त्यामुळे ही घट मितानिनींमुळेच झाली, असे सिद्ध करणे शक्य नव्हते. परंतु त्यांच्यामुळे झाली नाही, असेही सिद्ध होत नव्हते.

दीर्घ काळाचा आढावा घेतला तर चित्र काहीसे स्थिर होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगडचा अर्भकमृत्यू दर २००५-०६ मध्ये ७१, २०१५-१६ मध्ये ५४ आणि २०१९-२१ मध्ये ४४ होता. याच तीन फेऱ्यांमध्ये देशाचा दर अनुक्रमे ५७, ४१ आणि ३५ राहिला. राज्यातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील सुमारे १४ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये जवळपास ८६ टक्क्यांवर पोहोचले.

या आकड्यांचे दोन अर्थ लावता येतात. प्रसूतीसाठी रुग्णालयात जाणाऱ्या महिलांचे प्रमाण सहापट झाले, हे मोठे यश आहे. अर्भकमृत्यूंमध्ये मात्र पंधरा वर्षांत सुमारे ३८ टक्केच घट झाली आणि देशातील घटीचे प्रमाणही साधारण तेवढेच होते. रुग्णालयापर्यंत पोहोचणे आणि तेथे योग्य उपचार मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या तफावतीतून स्पष्ट होते. केवळ पहिला आकडा पाहणारे मूल्यमापन दुसरी बाब झाकून ठेवते.

गडचिरोलीतील पुरावा, मुंबईतील धडा

तुलनेचा प्रश्न काळजीपूर्वक सोडवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न छत्तीसगडला लागून असलेल्या महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातीलच महिलांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांमध्ये हा उपक्रम राबवण्यात आला आणि तुलनेसाठी ४७ गावांमधील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. १९९३ ते १९९५ या काळात आधीची स्थिती नोंदवून नंतर तीन वर्षे उपक्रम चालला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट दिसून आली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बालकांच्या गृहाधारित काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारला.

छत्तीसगडच्या पूर्वेकडील झारखंड आणि ओडिशामध्ये 'एकजूट' या संस्थेने वेगळा मार्ग चोखाळला. येथे औषधोपचारांऐवजी महिलांच्या गटांच्या बैठकांवर भर होता. गरोदरपण, प्रसूती आणि नवजात बालकांच्या अडचणी गटांनी ओळखायच्या आणि उपायही त्यांनीच ठरवायचे, अशी ही पद्धत होती. एकूण ३६ समूहांपैकी गट कोठे चालवायचे आणि कोठे नाही, हे सोडतीने ठरवण्यात आले. २००५ ते २००८ या तीन वर्षांत गट असलेल्या भागांतील नवजात मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी आढळला. विशेष म्हणजे रुग्णालयांच्या वापरात लक्षणीय फरक पडला नव्हता. प्रसूतीच्या वेळची स्वच्छता आणि बाळाची घरातील काळजी मात्र सुधारली होती.

महिला गटांची हीच कल्पना मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्येही तपासण्यात आली. 'स्नेहा' या संस्थेच्या पुढाकाराने २००६ ते २००९ या काळात ४८ वस्त्यांमध्ये अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत गट चालवण्यात आले. या अभ्यासात नवजात मृत्यूंमध्ये अपेक्षित घट आढळली नाही. संशोधकांनी हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

मुंबईतील कार्यकर्त्या कमी पडल्या, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. झारखंडमधील बहुसंख्य प्रसूती घरी होत होत्या. त्यामुळे घरातील सवयी बदलल्याने जीव वाचण्यास वाव होता. मुंबईत बहुतेक प्रसूती आधीच रुग्णालयांत होत होत्या आणि तेथील सेवेचा दर्जा वस्तीतील बैठकीच्या हाती नव्हता. शिवाय शहरातील वस्त्यांमध्ये भाषा, प्रांत आणि रोजगार यांनुसार मोठी विविधता असते. कुटुंबे वरचेवर स्थलांतर करतात आणि बैठकीसाठी वेळ काढणे रोजंदारीवरील महिलांना कठीण जाते.

भिलाईसाठी हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. तेथील वस्त्यांची सामाजिक घडण छत्तीसगडच्या पाड्यांपेक्षा मुंबईच्या झोपडपट्ट्यांना अधिक जवळची आहे. ग्रामीण छत्तीसगडमध्ये मितानिन प्रभावी ठरली, म्हणून खुर्सीपारमध्येही ती त्याच पद्धतीने प्रभावी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. तेथे तिचे काम वेगळे असू शकते. रुग्णालयातून घरी आलेल्या बाळावर लक्ष ठेवणे, क्षयरोगाचे उपचार अर्धवट सुटू न देणे किंवा पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचा पाठपुरावा करणे ही त्याची काही उदाहरणे.

आकडाच उद्दिष्ट बनतो तेव्हा

मोजमापाचा अतिरेकही घातक ठरू शकतो, याचे वेदनादायी उदाहरण छत्तीसगडनेच पाहिले आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यातील तखतपूर तालुक्यात कुटुंब नियोजन शिबिर भरवण्यात आले. तेथे एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ महिलांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या आठवड्यात जिल्ह्यातील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या महिलांपैकी १३ जणींचा मृत्यू झाला. मृत्यूंचे कारण जंतुसंसर्ग की सदोष औषधे, यावर नंतर बराच वाद झाला. परंतु इतक्या कमी वेळात इतक्या शस्त्रक्रिया का झाल्या, हा प्रश्न त्या वादापलीकडचा होता.

केंद्र सरकारने १९९६ मध्येच कुटुंब नियोजनातील उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे मागे घेतली होती. तरीही शस्त्रक्रियांची संख्या हाच कामगिरीचा मापदंड राहिल्याची टीका होत होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले आणि अनौपचारिक उद्दिष्टेही असू नयेत, अशी भूमिका घेतली.

मितानिन आणि आशा यांच्या मोबदल्याच्या रचनेतही हाच धोका सौम्य स्वरूपात आढळतो. मोबदल्याचा मोठा भाग लसीकरण, प्रसूती अशा मोजता येणाऱ्या कामांशी जोडलेला असतो. कौटुंबिक हिंसाचारात महिलेच्या पाठीशी उभे राहणे, शिधापत्रिका मिळवून देणे किंवा बंद पडलेला हातपंप सुरू करून घेणे ही कामेही मितानिनींनी केल्याच्या नोंदी संशोधकांनी घेतल्या आहेत. आरोग्याच्या मुळाशी असलेल्या या कामांची दखल मासिक अहवालाच्या रकान्यांत क्वचितच घेतली जाते. जे नोंदले जात नाही ते पुढे केलेही जात नाही, अशी भीती त्यातून निर्माण होते.

दल्ली राजहराचा अनुभव

रकान्यांत न मावणाऱ्या यशाचे उदाहरण भिलाईच्या परिसरातच आहे. भिलाईच्या भट्ट्यांना दीर्घकाळ लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू केले. जून १९७७ मध्ये पोलीस गोळीबारात मृत्युमुखी पडलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेच्या सदस्यांनी वर्गणी आणि श्रमदानातून इमारत उभी केली. डॉ. बिनायक सेन, डॉ. सैबाल जाना आदी डॉक्टर या कामात सहभागी झाले. कामगारांनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून प्रशिक्षण देणे, अनावश्यक औषधे आणि इंजेक्शने टाळणे आणि दारूविरोधी मोहीम चालवणे ही या कामाची अंगे होती.

नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे हत्या झाली. त्यानंतरही रुग्णालय चालू राहिले. या उपक्रमाला तुलनेची गावे नव्हती आणि सोडतही नव्हती. दारूवर खर्च होणारी मजुरी घरी येऊ लागली, तर मुलांच्या आहारावर काय परिणाम झाला, याची मोजणी कोणत्याही चाचणीत झाली नाही. मात्र ज्या समाजासाठी संस्था उभी राहिली, त्याने ती नेत्याच्या मृत्यूनंतरही टिकवून ठेवली, ही बाब मूल्यमापनात गौण मानता येणार नाही. बाहेरचा निधी संपताच बंद पडणाऱ्या योजनांच्या तुलनेत तर ती अधिकच महत्त्वाची ठरते.

प्रश्न बदलण्याची गरज

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा बहुपदरी उपक्रमांच्या मूल्यमापनासाठी २००० मध्ये मार्गदर्शिका तयार केली. २००८ आणि २०२१ मध्ये तिची सुधारणा झाली. योजना परिणामकारक आहे का, एवढाच प्रश्न पुरेसा नाही, ही भूमिका ताज्या आवृत्तीत ठळकपणे मांडण्यात आली आहे. योजना कशी काम करते, कोणासाठी करते, कोणत्या परिस्थितीत करते आणि आजूबाजूच्या व्यवस्थेवर तिचा काय परिणाम होतो, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे मानले गेले आहेत.

भिलाईसारख्या शहरात यासाठी फार खर्चिक साधनांची गरज नाही. पहिली पायरी वस्त्यांची संपूर्ण यादी आणि घरोघरची मोजणी ही आहे. अधिकृत आणि अनधिकृत असा भेद मोजणीपुरता तरी बाजूला ठेवावा लागेल. दुसरी पायरी टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीची आहे. मर्यादित निधीमुळे योजना सर्वत्र एकाच वेळी सुरू करता येत नसेल, तर पहिल्या वर्षीच्या वस्त्या सोडतीने निवडता येतात. त्यामुळे कोणालाही कायमचे वंचित न ठेवता विश्वासार्ह तुलना शक्य होते आणि निवडीतील वशिलेबाजीलाही आळा बसतो.

तिसरी पायरी प्रत्येक माता आणि बालमृत्यूच्या अन्वेषणाची आहे. त्यासाठी अनुक्रमे २०१० आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जारी झाल्या आहेत. कुटुंबाने निर्णय घेण्यास उशीर केला, वाहन मिळाले नाही की रुग्णालयात उपचार लांबले, हे त्यातून कळते आणि सुधारणा कोठे करायची तेही समजते.

चौथी बाब लोकांच्या सहभागाची. ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. त्यात छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आरोग्य सेवेची गुणपत्रके तयार केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. औषधे बाहेरून आणायला लावली जातात का, कर्मचारी पैसे मागतात का, हे नेहमीच्या सरकारी अहवालात सहसा न येणारे मुद्दे त्यामुळे नोंदले गेले.

यांपैकी कोणतीही पद्धत एकटी पुरेशी नाही. लोकांची गुणपत्रके मृत्युदरातील बदल सांगू शकत नाहीत आणि सोडतीवर आधारलेला अभ्यास वस्तीचा विश्वास मोजू शकत नाही. दोन्हींची सांगड घालणे आणि अपयशाचे निष्कर्षही मुंबईतील संशोधकांप्रमाणे खुलेपणाने प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. योजना राबवणाऱ्या यंत्रणेवरच तिच्या यशाचा दाखला देण्याची जबाबदारी असेल, तर असा खुलेपणा येणे कठीण आहे. मोजणीचे काम अंमलबजावणीपासून वेगळे ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

भिलाईच्या कारखान्यात तयार झालेल्या पोलादाची प्रत विक्रीपूर्वी तपासली जाते आणि सदोष माल बाजूला काढला जातो. त्याच शहरातील वस्त्यांमध्ये राबवल्या जाणाऱ्या आरोग्य योजनांना अशी तपासणी क्वचितच लाभली आहे. मितानिन कार्यक्रमाने दोन दशकांहून अधिक वाटचाल केली आहे आणि शहरी आरोग्य सेवेचा विस्तार होत आहे. या विस्तारातून वस्त्यांमधील आजार आणि मृत्यू किती कमी होतील, हे निधीइतकेच त्या वस्त्या मोजणीत येतात की नाही, यावरही अवलंबून राहील.